शाईचे चित्र चांगले की तेलरंगाचे?

आमचा दादा तालुक्याला पेंटरच्या हाताखाली काम करतो. तो म्हणतो, तेलरंग हाच खरा रंग, शाई ही फक्त लिहायची. मला हे पटत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तेलरंग वाईट नाही. रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटून तो करतात. आपण ज्याची चटणी खातो तोच जवस! हे तेल लवकर वाळत नाही. हवा लागून हळूहळू घट्ट होते, त्याला कित्येक दिवस लागतात. म्हणून चुकले तर खरवडता येते, वरून पुन्हा रंग देता येतो. केरळचे राजा रविवर्मा (१८४८ ते १९०६) यांनी तेलरंगात लुगड्याचे काठ आणि दागिने असे काढले आहेत की हात लावून बघावेसे वाटते. गुरुजींनी ती चित्रे पुस्तकात दाखवली. पण कॅनव्हास, रंगाच्या नळ्या सगळे विकत आणावे लागते.

चीन-जपानची शाई काजळीची असते. काजळीत सरस मिसळून कांडी करतात. ती दगडावर पाणी घालून उगाळायची, आपण सहाणेवर गंध उगाळतो तशी. पाणी जास्त घातले की करडा रंग, कमी घातले की काळाभोर. धुके दाखवायचे तर कागद कोराच ठेवायचा. पण कागद शाई लगेच पितो, मग पुसायची सोय नाही.

जपानमध्ये सेश्शू नावाचे चित्रकार होते (१४२० ते १५०६). लहानपणी सारखी चित्रेच काढतात म्हणून त्यांना मठात खांबाला बांधले. तर त्यांनी डोळ्यांतल्या पाण्याने, पायाच्या अंगठ्याने, जमिनीवर उंदीर काढला, अशी गोष्ट सांगतात. पुढे १४८६ साली त्यांनी शाईने डोंगर-झाडांचे चित्र काढले, ते सुमारे १६ मीटर लांब आहे. आपल्या वर्गाच्या भिंतीवर मावायचे नाही.

मी पण समईची काजळी आणि बाभळीचा डिंक घेऊन शाई केली आणि आमची म्हैस काढली. शिंगे लई छान आली. तेवढ्यात पाठीच्या जरा वर टपकन थेंब पडला. मला रडूच आले. दादा म्हणाला, "बघ, तेलरंग असता तर पुसला असता." मी त्याच्याशी बोललेच नाही. मग थोड्या वेळाने त्या थेंबाला चोच आणि शेपटी काढली. आता म्हशीवर कावळा बसला आहे. थेंब पुसता आला असता तर तो आलाच नसता.

चित्र दाराजवळ लावले आहे. पालकांनो, "यात रंग कुठाय?" असे विचारू नका. कावळा तेवढा नीट बघा. दादा पण बघायला येणार आहे.

— इयत्ता चौथी