कृपादान हे वतन नव्हे

पेन्टेकॉस्टचा सण आला, की आमच्या धर्मग्रामांतून पवित्र आत्म्याच्या कृपादानांचा महिमा आवर्जून सांगितला जातो. सण सरला, की तो विषय वर्षभरासाठी पेटीबंद होतो आणि धर्मग्रामाचा कारभार चार-सहा परिचित व्यक्तींच्या हाती पूर्ववत चालू राहतो. समितीवर तीच माणसे, ध्वनिक्षेपकासमोर तीच, वर्गणीच्या पावतीपुस्तकावरही तीच. उरलेले शेकडो स्नानसंस्कारित भाविक बाकांवर बसून राहतात. पवित्र आत्मा इतका कृपण आहे काय, असा आमचा प्रश्न आहे.

इ. स. ५५ च्या सुमारास संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती समुदायाला पहिले पत्र लिहिले, तेव्हा तेथे कृपादानांचा तुटवडा नव्हता. तंटा होता तो त्यांच्या मानपानाचा. अन्य भाषांत बोलणारे स्वतःला श्रेष्ठ समजू लागले होते. पौलाने बाराव्या अध्यायात दानांची यादी देताना रोग बरे करण्याच्या पंक्तीलाच साहाय्य करणे व व्यवस्था पाहणे यांना बसवले. 'व्यवस्था' या अर्थी त्याने योजलेल्या ग्रीक शब्दाचे मूळ जहाजाच्या सुकाणूत आहे. किनाऱ्यावरच्या आमच्या वाचकांना तांडेलाचे मोल सांगावयास नको. आणि खलाशांना काठावर बसवून एकटा तांडेल मासेमारी करीत नाही, हेही त्यांना ठाऊक आहे. पुढे चौदाव्या अध्यायात पौल सर्व दानांना एकच कसोटी लावतो : त्यातून समुदायाची उभारणी होते की नाही?

या कसोटीवर आमचे धर्मग्राम उतरतात काय? अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे न चुकता जाणारी गृहिणी, हिशेब अचूक वाचणारा तरुण, दोन भावांतला बांधाचा तंटा सामोपचाराने मिटवणारा शेतकरी, निवृत्त शिक्षिका, कुशल गवंडी यांच्याजवळ कृपादाने नाहीत, असे कोण म्हणेल? परंतु त्यांची आठवण होते ती सणाच्या आदल्या दिवशी, खुर्च्या मांडण्यासाठी.

'लोक पुढे येत नाहीत' हे यावरचे ठरलेले उत्तर. आम्हांला ते मान्य नाही. श्रम मागायचे आणि निर्णय स्वतःकडे ठेवायचे, अशा घरात सख्खा मुलगाही फार दिवस राबत नाही. प्रत्येकाला वाव दिल्यास धर्मगुरूंचा अधिकार उरणार नाही, ही दुसरी भीती. तिचे निरसन दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने केव्हाच केले आहे. १९६४ च्या ख्रिस्तसभाविषयक दस्तऐवजानुसार पवित्र आत्मा सर्व थरांतील श्रद्धावंतांना कृपादाने वाटतो. त्यांची पारख मेंढपाळांनी करावी, पण आत्म्याला विझवू नये. १९६५ च्या प्रापंचिकांविषयीच्या दस्तऐवजाने तर या दानांचा वापर हा प्रत्येक श्रद्धावंताचा हक्क व कर्तव्य ठरवले. १९८३ च्या धर्मनियमसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती बंधनकारक केली. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी वाचक व वेदीसेवक ही सेवापदे स्त्रियांना खुली केली आणि त्याच वर्षी धर्मशिक्षकाचे सेवापद स्थापन केले. दार वरून उघडले गेले आहे. कडी लावली आहे ती आतून.

ही कडी केवळ धर्मगुरूंनी लावलेली नाही. एकेका पदावर वर्षानुवर्षे बसलेले आमचे प्रापंचिक पुढारी कृपादानाला वतन समजतात. आपल्यामागे कोणी तयार होऊ नये, याची दक्षता घेणारा कार्यकर्ता कितीही राबला, तरी तो समुदाय उभारीत नाही. स्वतःचे आसन तेवढे पक्के करतो. वतने कायद्याने गेली, ती मनातूनही जावीत.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पुढील पेन्टेकॉस्टपूर्वी प्रत्येक आळीतील प्रत्येक घरी जाऊन, 'तुम्हांला काय येते आणि त्यातले काय द्यावेसे वाटते?' एवढेच विचारावे. प्रत्येक समितीची मुदत ठरवावी आणि मुदत संपण्यापूर्वी नव्या माणसाला काम शिकवणे, हा त्या पदाचाच भाग मानावा. जमाखर्च सर्वांसमोर वाचावा. यासाठी नवा निधी लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. लागते ते खुर्चीवरून उठण्याचे धैर्य. आणि तेही पवित्र आत्म्याचेच दान आहे.