पाणी जड असो, पण निर्जंतुक असो

उन्हाळा सुरू झाला की सोलापुरात मुतखड्याचे रुग्ण वाढतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, पाणी जड आहे म्हणूनच खडा झाला ना?" आणि दुसराही ठरलेला, "मग आरओ बसवू का?" पाण्यात जंतू असतील का, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. माझ्या मते काळजी करायची ती तिथे.

जमिनीतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात, यालाच आपण जडपणा म्हणतो. म्हणून बोअरचे पाणी बहुधा धरणाच्या पाण्यापेक्षा जड असते. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, पातेल्याला पांढरा थर बसतो. हा त्रास आहे, पण रोग नव्हे. भारतीय मानकानुसार जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने तर जडपणासाठी आरोग्याच्या दृष्टीने मर्यादाच घातलेली नाही.

आता खड्याचे पाहू. ३०० मिलिग्रॅम जडपणाच्या एक लिटर पाण्यात फार तर १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पेलाभर दुधात याच्या जवळजवळ दुप्पट असते! खडा होण्यात पाणी कमी पिणे, खूप घाम जाणे, जेवणात मीठ जास्त असणे आणि आनुवंशिकता यांचा वाटा मोठा आहे. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. (हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे.) खड्याच्या भीतीने दूध बंद करू नये.

काही विक्रेते घरी येऊन दोन पेल्यांत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात. नळाचे पाणी तपकिरी होते, आरओचे स्वच्छ राहते आणि गृहिणी घाबरते. वास्तविक तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसून कांडीच्या लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते आणि लोखंड सुटते. आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकले तर तेही तसेच तपकिरी होईल. टीडीएस मोजणारे यंत्रही फक्त क्षार सांगते, जंतू सांगत नाही.

जंतूंची वाट वेगळी आहे. वर्षानुवर्षे सोलापूरकरांना नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. पाणी बंद झाले की जलवाहिनी रिकामी होते आणि जिथे गळती असेल तिथून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. नळाला थेट मोटार लावणारे तर ही घाण स्वतःच ओढून घेतात. नंतर पाणी पिंपात दिवसेंदिवस साठते, त्यातला क्लोरीन उडून जातो आणि उघड्या पिंपात डेंग्यूच्या डासाची अंडी वाढतात. गॅस्ट्रो, विषमज्वर, कावीळ हे आजार याच वाटेने येतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गिया बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. राज्यात २०० हून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, काहींच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू सापडले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. तिथे पाण्याचा जडपणा किती, हा प्रश्नच नव्हता.

तेव्हा वाचकहो, घरी एवढे करा. प्यायचे पाणी गाळून, खळखळून उकळी येईपर्यंत तापवा आणि झाकून ठेवा. ते लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढा. नळाला सुरुवातीला येणारे गढूळ पाणी सांडण्या-धुण्याला वापरा. आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडे करा. बोअरचे पाणी पीत असाल तर ते प्रयोगशाळेत तपासून घ्या. नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल तर उकळून ते जात नाही. तिथे आरओ जरूर घ्या. पण धरणाच्या पाण्यासाठी केवळ जडपणाच्या भीतीने हजारो रुपये घालवू नका. शिवाय एक लिटर पाणी देताना घरगुती आरओ बहुधा दोन-तीन लिटर बाहेर टाकतो, हे टंचाईच्या गावाला परवडणारे नाही.

परंतु सगळे ओझे गृहिणीवर टाकून भागणार नाही. नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे मानक सांगते. ही तपासणी काही मिनिटांची आहे. कोणत्या प्रभागात क्लोरीन किती आढळला, जंतू सापडले का आणि गळती कुठे दुरुस्त झाली, हे महापालिकेने दर आठवड्याला वृत्तपत्रांतून जाहीर करावे. ज्याच्या घरी आरओ नाही आणि इंधनही मोजून वापरावे लागते, त्याचे मूल नळाचेच पाणी पिते. त्याच्यासाठी नळाचे पाणीच शुद्ध आले पाहिजे. नगरसेवक दारी आले की रस्त्याआधी त्यांना आपल्या प्रभागातल्या क्लोरीनचा आकडा विचारा.