गोंदलेला क्रूस आणि लेवीयाचा एकोणिसावा अध्याय

नाताळ जवळ आला की ख्रिस्ती मंडळ्यांतून पोशाख, सजावट आणि गायन यांविषयीच्या चर्चांना ऊत येतो. अलीकडे त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. छत्रपती संभाजीनगरातील तरुण मुले-मुली मनगटावर क्रूस किंवा दंडावर शास्त्रातील एखादे वचन टॅटूच्या रूपाने कोरून घेतात, आणि घरातील वडीलधारी माणसे विचारतात : ख्रिस्ती माणसाने अंग गोंदवून घ्यावे काय? प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु त्यापायी एखादा मुलगा उपासनेस यावयाचा थांबला, तर तो किरकोळ राहत नाही. म्हणून सणाच्या निमित्ताने त्याचा शांतपणे विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गोंदण्यास विरोध करणारे लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायाकडे बोट दाखवितात. मृतासाठी अंगावर जखमा करून घेऊ नयेत व शरीरावर खुणा उमटवू नयेत, अशी आज्ञा तेथे आहे हे खरेच. परंतु तिचा रोख शोकविधींवर आणि शेजारच्या राष्ट्रांच्या दैवतपूजेवर आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच अध्यायात दाढीच्या कडा कातरू नयेत आणि दोन प्रकारच्या सुतांचे वस्त्र वापरू नये, असेही सांगितले आहे. या आज्ञा आज ख्रिस्ती मंडळ्यांत सहसा पाळल्या जात नाहीत. मग एकाच ओळीचा आग्रह का धरावा, असे तरुणांनी विचारल्यास त्यांस उद्धट म्हणता येणार नाही.

आमच्या मते हा अध्याय बाजूस सारण्यापेक्षा संपूर्ण वाचणेच अधिक हिताचे आहे. शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी व परक्यांसाठी राखावे, मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नये, बहिऱ्यास शिव्याशाप देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, हे सारे याच अध्यायात आहे. डिसेंबरात गंगापूर-वैजापूरच्या शिवारात कापसाची वेचणी आणि उसाची तोडणी चालू असते. मुलाच्या मनगटावरील शाई ज्यांना दिसते, त्यांना त्याच पानावरील मजुरांचा हक्क दिसू नये, ही खेदाची गोष्ट होय.

गोंदण महाराष्ट्राला नवे नाही. खेड्यापाड्यांतील स्त्रिया कपाळावर, हनुवटीवर, हातांवर ठिपके व तुळस गोंदवून घेत. मेल्यावर बरोबर येणारा दागिना तेवढा हाच, अशी त्यांची श्रद्धा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनी औरंगाबाद परिसरात धर्मकार्य केले. त्या काळी या भागातील ज्या स्त्रिया ख्रिस्ती झाल्या, त्यांपैकी ज्यांच्या हातांवर गोंदण होते त्यांचे ते बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन जाणे शक्य नव्हते. तुळस गोंदलेला हात ज्या प्रभुभोजनाच्या मेजाशी पुढे होऊ शकतो, तेथे क्रूस गोंदलेल्या हातास मज्जाव कसा करावयाचा? पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. रीत कोठली, याहून ती कोणाच्या सेवेस लागली, हे त्यांनी महत्त्वाचे मानले.

जगातील ख्रिस्ती परंपराही येथे एकमुखी नाही. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने अपराध्यांच्या चेहऱ्यावर डाग देण्यास मनाई केली, कारण चेहरा दैवी सौंदर्याची प्रतिमा मानला गेला. याउलट इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूस लहानसा क्रूस गोंदवून घेत आले आहेत. जेरुसलेमचे यात्रेकरूही यात्रेची खूण म्हणून गोंदवून घेत. तुर्की अमलातील बोस्नियात कॅथलिक स्त्रिया हातांवर क्रूस गोंदवीत. अल्पसंख्य आणि दडपणाखालील समाजाला लपविता न येणारी अशी खूण मोलाची वाटली.

हा शेवटचा मुद्दा मराठवाड्याला विशेष लागू पडतो. येथील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे पूर्वास्पृश्य समाजांतून आलेली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या लागू झाल्या. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका प्रकरणात, प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या व्यक्तीस केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही, असा निर्णय दिला. अशा परिस्थितीत मनगटावरचा क्रूस ही निव्वळ हौस राहत नाही, तो कायमचा जबाब ठरतो. पुष्कळ आईबापांच्या मनात लेवीयाच्या आज्ञेपेक्षा हीच भीती अधिक असते, असा आमचा तर्क आहे. ती शास्त्रवचनाच्या आड न लपविता मुलांशी उघडपणे बोलावे. भिणे हे पाप नव्हे.

तरुणांनीही दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिले. अस्वच्छ सुईतून कावीळ आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो, आणि गोंदवून घेतल्यावर काही काळ रक्तदानही करता येत नाही. सैन्यात अथवा केंद्रीय पोलीस दलांत जाऊ इच्छिणाऱ्यांनी टॅटूची जागा व आकार यांविषयीचे नियम आधी पाहावेत. केंद्रीय दलांत बाहूच्या आतील भागावरील धार्मिक चिन्ह फक्त डाव्या, म्हणजे सलामी न देणाऱ्या, हातावर चालते. दुसरी गोष्ट अशी की, ख्रिस्ताच्या खुणा आपण अंगावर वागवीत आहोत, असे पौलाने गलतीकरांस कळविले, तेव्हा त्या खुणा फटक्यांच्या आणि धोंड्यांच्या होत्या. त्या त्याने पैसे मोजून घेतल्या नव्हत्या.

सारांश, गोंदवून घेणे हा आम्हांस अधर्म वाटत नाही आणि पुण्यही वाटत नाही. ज्याने गोंदविले त्यास मंडळीने दूर लोटू नये. ज्याने गोंदविले नाही त्याची श्रद्धा उणी समजू नये. देवाने मानवी देह धारण केला, हे ज्या सणाचे मर्म, त्या सणाला दुसऱ्याच्या देहावरील शाईची झडती घेणे शोभत नाही. क्रूस गोंदलेल्या हाताने सणाआधी गड्याची आणि मोलकरणीची मजुरी चुकती केली, तर त्या अध्यायाचा मान राखला गेला, असे आम्ही म्हणू.