नांगराचा झेंडा कुणाच्या हाती गेला?



बैठक संपली, सतरंज्या गुंडाळायला लागलो की कुणीतरी हमखास म्हणतो, "या देशाला एक हिटलरच पाहिजे. बुडालेली जर्मनी त्याने चार वर्षांत उभी केली." बोलणारा आपलाच असतो. कापूस पडत्या भावाने गेलेला, सोसायटीची नोटीस दारावर लागलेली. त्याच्या संतापाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते त्या गोष्टीशी. ती अर्धीच सांगितली जाते, आणि उरलेली अर्धी जर्मन शेतकऱ्याची आहे.

पहिल्या महायुद्धाचा खर्च जर्मन सरकारने मुख्यतः कर्ज काढून भागवला. जिंकलो की शत्रूकडून वसूल करू, हा हिशेब. १९१८ साली हरले. १९२१ मध्ये जेत्यांनी १३,२०० कोटी सुवर्ण मार्कांची भरपाई मागितली. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा रूरच्या कोळशाच्या मुलखात शिरल्या. सरकारने तिथल्या कामगारांना हात बांधून बसायला सांगितले आणि त्यांचा पगार नोटा छापून दिला. युद्धाआधी डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४ लाख २० हजार कोटी पडू लागले. ठेवीदार आणि पेन्शनवाले धुऊन निघाले. ज्याच्या जमिनीवर जुने गहाण होते, त्याने ते रद्दीच्या नोटांनी फेडले. शहर म्हणू लागले, शेतकरी गब्बर झाला. युद्धापासून त्याच्या धान्यावर सरकारी भाव आणि सक्तीची वसुली होती, हे शहराने कधी मोजले नाही.

पुढे काय झाले ते पाहा. नवी नोट काढायची तर तिच्यामागे ठेवायचे काय? पुरेसे सोने नव्हते. हेल्फेरिश नावाच्या पुढाऱ्याने सुचवले, राय ठेवा. राय म्हणजे तिकडची ज्वारीच म्हणा, गरिबाच्या भाकरीचे धान्य. राय काही ठेवली नाही. पण नोव्हेंबर १९२३ मध्ये निघालेल्या रेंटेनमार्कामागे शेतजमीन आणि उद्योगधंदे यांच्यावर मिळून ३२० कोटींचा बोजा चढवला. छापखान्याने पत बुडवली आणि ती सावरायला शेतकऱ्याची जमीन जामीन राहिली. पुस्तकांतून 'रेंटेनमार्कचा चमत्कार' वाचायला मिळतो, जामीनदाराचे नाव मिळत नाही.

१९२४ पासून अमेरिकेचे कर्ज आले, शहरांत दिवे लागले. शेतकऱ्याच्या वाट्याला आले चढे व्याज आणि खणखणीत मार्कांत भरायचे कर. बुडालेली गहाणखतेही १९२५ च्या कायद्याने चार आणे हिश्शाने पुन्हा जिवंत झाली. त्यात डुकरांचे आणि गुरांचे भाव पडले. उत्तरेकडे श्लेस्विग-होल्स्टाइन हा गुरे पाळणाऱ्यांचा प्रांत. तिथे २८ जानेवारी १९२८ रोजी गावोगाव मिळून सुमारे १ लाख ४० हजार शेतकरी रस्त्यावर आले. ना पक्ष, ना आमदारकीचा उमेदवार. त्याच वर्षी नोव्हेंबरात बायडेनफ्लेथ गावी कराच्या थकबाकीपोटी दोन बैल जप्त करून नेत होते. गावकऱ्यांनी वाटेवर पेंढा पेटवला. बैल बुजले, दावे तोडून थेट आपल्या गोठ्यात परत. आम्हाला ही गोष्ट फार आवडते. जप्तीला उत्तर बैलांनीच दिले.

१ ऑगस्ट १९२९ रोजी हामकेन्स या पुढाऱ्याच्या तुरुंगातून सुटकेसाठी नॉयम्युन्स्टर शहरात मोर्चा निघाला. पुढे काळा झेंडा, त्यावर पांढरा नांगर आणि लाल तलवार. पोलिसांनी झेंड्यावर झडप घातली, माणसे रक्तबंबाळ झाली. शेतकऱ्यांनी मग त्या शहराच्या बाजाराकडे पाठच फिरवली. बहिष्कार वर्षभर चालला. काहींनी सरकारी कचेऱ्यांत बॉम्ब ठेवले. हे चुकलेच. त्याने सरकारला पुढारी उचलायला निमित्त मिळाले. क्लाउस हाइम याला १९३० साली सात वर्षांची शिक्षा झाली.

सरकारने काय केले? धान्यावर जकात वाढवली. फायदा एल्ब नदीपलीकडच्या राय पिकवणाऱ्या जमीनदारांचा, आणि गुरेवाल्या लहान शेतकऱ्याचा चारा महाग. १९३० नंतर मंदीत सरकारने खर्चाला कात्री लावली. १९३२ च्या सुरुवातीला ६० लाख माणसे बेकार होती.

अशा वेळी हिटलरचे लोक गावात आले. शेतकऱ्याचेच शब्द त्यांनी उचलले: जप्ती थांबवू, व्याजाची गुलामी मोडू. १९२८ मध्ये या प्रांतात त्यांना शंभरात चार मते होती. जुलै १९३२ मध्ये एक्कावन्न. नांगराचा झेंडा शेतकऱ्याने स्वतःहून दुसऱ्याच्या हाती दिला. हाइमने दिला नाही, पण तो एकटा पडला.

१९३३ च्या सप्टेंबरात दोन कायदे आले. एकाने सगळे शेतकरी, व्यापारी, दूधसंघ एका सरकारी संघटनेत कोंबले. भाव सरकार ठरवणार, माल कुठे घालायचा तेही सरकारच सांगणार. आधी भाव बरे बांधले, टाळ्या पडल्या. मग शहरातली मजुरी गोठवून ठेवायची म्हणून भावही दाबून धरले. दूध नेमून दिलेल्या डेअरीलाच. १९३७ साली भाकरीचे धान्य गुरांना घालायलाही बंदी आली. आपल्याकडे लेव्हीची ज्वारी घातलेली माणसे अजून गावात आहेत, त्यांना हे फोडून सांगायला नको. फरक एवढाच की आपण लेव्हीविरुद्ध बोलू शकत होतो.

दुसरा कायदा वारसाचा. साडेसात ते सव्वाशे हेक्टरच्या ज्या जमिनी त्यात बसल्या, त्या विकता येईनात, गहाण ठेवता येईनात. जप्ती थांबली खरी, पण मालकीही गेली. १८०० सालापर्यंत घराण्यात ज्यूंचे रक्त नाही, हा दाखला हवा. वारस एकच. मायबहिणींनो, क्रम ऐका: आधी मुलगे, मग मयताचा बाप, मग भाऊ, आणि मग मुलगी.

आणि ती 'उभी राहिलेली जर्मनी'? मंदीचा तळ १९३२ मध्येच येऊन गेला होता. भरपाईचा जाच त्या वर्षीच्या लोझानच्या करारात संपला होता. रोजगाराची पहिली कामे आधीच्या सरकारांनी आखली होती. हिटलरने भर घातली ती शस्त्रांची. १९३४ ते १९३८ या काळात 'मेफो' नावाच्या कागदी कंपनीच्या हुंड्यांवर सुमारे १,२०० कोटी मार्कांचे कर्ज काढले, सरकारी हिशेबात न दाखवता. मे १९३३ मध्ये कामगार संघटना मोडल्या. १९३५ मध्ये सक्तीची लष्करभरती आली. बेकारी हटली यात नवल ते काय? शेतावरचा मजूर तोफांच्या कारखान्यात गेला आणि सुगीला माणूस मिळेना. १९३९ नंतर पोलंडहून माणसे धरून आणली आणि शेतावर जुंपली. हुंड्या वटवायला दुसऱ्यांचे देशच लुटावे लागले.

पुढच्या बैठकीत आपला तो भाऊ पुन्हा हिटलर मागेल. त्याला बसवून घ्या, चहा पाजा आणि एवढेच विचारा: बायडेनफ्लेथचे बैल १९३८ साली जप्त झाले असते, तर पेंढा पेटवायला कोण पुढे आला असता?