दया आणि हिशेब
वाचकहो, माळावर किती गुरे पोसतील हे गुराख्यास ठाऊक असते. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील कैबाब पठारावर मात्र ते कोणी पाहिले नाही. १९०६ साली तेथे हरणांची शिकार बंद झाली. सरकारी शिकाऱ्यांनी लांडगे व पुमा मारले. हरणे बेसुमार वाढली, पाला संपला आणि १९२४-२५ च्या हिवाळ्यात कळपच्या कळप उपाशी मेले. (हेच एक कारण होते काय, याविषयी तज्ज्ञांत पुढे वाद झाला.) दया होती, हिशेब नव्हता!

तो हिशेब शिकावा म्हणून १९३७ साली वन्यजीव-व्यवस्थापकांनी ‘द वाइल्डलाइफ सोसायटी’ स्थापली. जनावरांची मोजणी, चाऱ्याची पाहणी यांचे निष्कर्ष त्याच वर्षापासून तिच्या नियतकालिकात छापले जाऊ लागले. आल्डो लिओपोल्ड तिचे एक अध्यक्ष. तरुणपणी त्यांनी स्वतः लांडगे मारले होते. उत्तरायुष्यात त्याच लांडग्यांची बाजू त्यांनी मांडली.