आधी पाकीट फोडा

इंग्लंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना, त्यातही शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नव्याने आलेल्यांना, एक कळकळीची विनंती. दारातून आत पडणारं टपाल पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर रद्दीत टाकू नका. त्या गठ्ठ्यात 'सिंगल जस्टिस प्रोसीजर नोटिस' असं छापलेला कागद असेल, तर तुमच्यावर फौजदारी खटला सुरू झालेला आहे. हवालदार घरी येत नाही, समन्सवर कोणी सही घेत नाही. साध्या टपालाने आलेला तो कागद हीच सूचना, आणि उत्तराला मुदत 21 दिवसांची.

ही पद्धत 2015 च्या एका कायद्याने आली. ज्या किरकोळ गुन्ह्यांना तुरुंगवासाची शिक्षा नाही, त्यांचे खटले एकच मॅजिस्ट्रेट कायदेशीर सल्लागाराच्या मदतीने निव्वळ कागद वाचून निकाली काढतो. वेगमर्यादा मोडली, गाडीचा विमा संपला, टीव्ही लायसन्स नव्हतं, असली ही प्रकरणं. कोर्ट भरत नाही. आरोपी नसतो, फिर्यादीचा वकील नसतो, मागच्या बाकावर बसून ऐकणारं कोणी नसतं. वर्षाला लाखो खटले असे संपतात. तुमचं उत्तर आलंच नाही, तर समोर असलेल्या पुराव्यावर तुम्हाला दोषी ठरवून दंड ठोकता येतो.

तारखांवर तारखा पाहत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना याचं कौतुकच वाटेल, आणि ते अगदी चुकीचं नाही. ज्याने खरोखर वेगात गाडी हाकली त्याने एक दिवसाचा पगार बुडवून कोर्टात कशाला जावं? पण हा वेग कोणाच्या जिवावर येतो, तेही पाहिलं पाहिजे.

नोटिशीसोबतच्या फॉर्मवर आपली अडचण लिहायला जागा असते. लोक तिथे लिहितात की नवरा वारला, डिमेन्शिया झालेल्या आईच्या गाडीचा विमा भरायचा राहिला, आपण स्वतःच इस्पितळात होतो. हे वाचून खटला मागे घ्यायचा अधिकार असतो खटला भरणाऱ्या खात्याला, म्हणजे उदाहरणार्थ गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या डीव्हीएलएला. पद्धतीची रचनाच अशी, की फॉर्म जातो थेट कोर्टाकडे. ज्याच्या हातात सोडून देणं आहे त्याच्यासमोर ती ओळ येतच नाही, आणि ज्याच्यासमोर येते तो बहुधा दंड थोडा कमी करून पुढचा कागद घेतो. लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'चे पत्रकार ट्रिस्टन कर्क यांनी अशी प्रकरणं एकामागून एक उजेडात आणली. 2024 मध्ये तर मॅजिस्ट्रेटांच्या संघटनेनेच बदलाची मागणी केली. न्याय देणारेच अस्वस्थ झाले, यावरून काय ते समजा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याहून मोठा घोळ बाहेर आला. रेल्वे कंपन्यांनी विनातिकीट प्रवासाचे हजारो खटले 1889 च्या रेल्वे कायद्याखाली याच पद्धतीने चालवले होते. त्या कायद्याखालचे खटले असे चालवायची मुभाच नव्हती. चीफ मॅजिस्ट्रेट पॉल गोल्डस्प्रिंग यांनी ते रद्दबातल ठरवले. संख्या होती सुमारे 74,000. इतक्या लोकांना बेकायदा दोषी ठरवलं गेलं आणि इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण पाहायलाच कोणी नव्हतं. खुल्या कोर्टात एखाद्या वकिलाने पहिल्याच आठवड्यात हरकत घेतली असती, असं मला वाटतं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. घर बदललंत की डीव्हीएलएला दोनदा कळवा. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता वेगळा बदलावा लागतो आणि गाडीच्या लॉग बुकवरचा वेगळा. दोन्ही फुकट होतं. आपली मुलं लायसन्सचं काम करतात आणि लॉग बुक विसरतात. मग कॅमेऱ्याने टिपलेल्या वेगाची पहिली नोटीस जुन्या भाड्याच्या घरी जाऊन पडते. गाडी कोण चालवत होतं हे 28 दिवसांत कळवलं नाही, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला लायसन्सवर दंडाचे सहा पॉइंट्स आहेत, आणि इथली परीक्षा पास होऊन दोन वर्षं झालेली नसतील तर सहा पॉइंट्सवर लायसन्सच जातं.

टीव्हीबद्दलही गैरसमज फार. घरात टीव्ही संच नाही म्हणून सुटलो, असं नाही. आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले आणि लॅपटॉपवर मराठी वाहिनी थेट प्रक्षेपणात लावली, तरी लायसन्स लागतं.

नोटीस आलीच, तर घाबरून 'जाऊ दे, दंड भरू आणि मोकळे होऊ' असं करू नका. गुन्हा कबूल केला की तुम्ही दोषी ठरता, आणि पुढे व्हिसाच्या अर्जात त्याविषयी विचारलं जातं. वाहतुकीचे गुन्हेसुद्धा त्यात येतात. गुन्हा केला नसेल तर 'नॉट गिल्टी' लिहा, म्हणजे प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं. केला असेल तर वेळेत कबूल करा, दंड एक तृतीयांशाने उतरतो. कबूल करूनही कोर्टात येऊन बोलायचं आहे, असाही पर्याय फॉर्मवर असतो. उत्पन्नाचा फॉर्म कोरा सोडू नका. तो नसला की कोर्ट एक ठरावीक कमाई गृहीत धरतं, आणि उधारीवर शिकणाऱ्या पोराला नोकरदाराच्या हिशेबाने दंड बसतो. आणि अडचण खरी असेल तर तीच हकिगत, पुराव्यासकट, खटला भरणाऱ्या खात्यालाही वेगळी पाठवा. त्यांचा पत्ता नोटिशीवर सापडेल.

नोटीस मिळालीच नाही आणि एकदम दंडाचं पत्र आलं, तरी हातपाय गाळू नका. खटल्याची माहितीच नव्हती, असं शपथेवर सांगता येतं. त्याला 'स्टॅच्युटरी डिक्लरेशन' म्हणतात. कळल्यापासून 21 दिवसांत ते केलंत, तर झालेला निकाल रद्द होतो आणि उत्तर द्यायची संधी पुन्हा मिळते. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांनी मात्र यातलं काही गृहीत धरू नये, तिथला कायदा वेगळा आहे.

राहिला प्रश्न बदलाचा. खटला भरणाऱ्याने आधी आरोपीची हकिगत वाचलीच पाहिजे, एवढा नियम झाला तरी निम्मं दुखणं कमी होईल. मार्च 2025 मध्ये सरकारने असे खटले भरणाऱ्या संस्थांवर देखरेख कशी असावी, यावर लोकांची मतं मागवली. असल्या वेळी आपले लोक 'आपण पडलो परके' म्हणून गप्प राहतात. पण भारतीय पासपोर्ट असला तरी, व्हिसावर इथे राहणाऱ्या प्रौढ माणसाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून पार्लमेंटच्या निवडणुकीत मतदान करता येतं. मतदार यादीत नाव घाला आणि आपल्या भागाच्या खासदाराला या नियमाबद्दल चार ओळी लिहा.