पाठ केलेली संसद

परवा आपल्याच नवी मुंबईत एका अभिरूप संसद स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. शाळांची नावं लिहीत नाही, कारण दोष एका शाळेचा नाही. आणि ज्यांना सांगतोय त्यांना बरोबर कळेल.

सगळं झकास होतं. अध्यक्ष झालेला मुलगा रुबाबात बसला होता, पंतप्रधानांच्या अंगात जाकीट, विरोधी बाकावर घोषणांचे फलक. ठरलेल्या मिनिटाला विरोधक उठले, ठरलेल्या मिनिटाला सभात्याग केला आणि ठरलेल्या मिनिटाला परत येऊन गुपचूप जागेवर बसले. विंगेत उभ्या असलेल्या बाईंचे ओठ मुलांच्या प्रत्येक वाक्याबरोबर हलत होते. संहिता त्यांचीच.

मग एका संघातली नववीतली मुलगी उठली. मंत्री झालेल्या मुलाने नुकतंच सांगितलं होतं की सर्व शाळांत शुद्ध पाणी मिळतं. तिने विचारलं, "अध्यक्ष महोदय, मग आमच्या शाळेची टाकी शेवटची कधी साफ झाली, हे मंत्रिमहोदय सांगतील का?"

मंत्र्याने विंगेकडे पाहिलं. विंगेतल्या बाईंनी कागदाकडे पाहिलं. कागदात हा प्रश्नच नव्हता. सभागृह हसलं, अध्यक्षांनी घाईघाईने पुढचा विषय पुकारला.

गुण देताना शेजारचे परीक्षक म्हणाले, "ही संहितेबाहेर गेली, गुण कापले पाहिजेत." मी बराच वाद घातला. कापलेच. खरं सांगतो, त्या तासाभरात संसद झाली ती तेवढ्या अर्ध्या मिनिटातच. बाकी सगळं स्नेहसंमेलन होतं.

आता थोडं कार्यपद्धतीबद्दल, कारण घोळ इथेच आहे. लोकसभेत प्रश्नाची सूचना साधारण 15 दिवस आधी द्यावी लागते. तोंडी उत्तरासाठीचे तारांकित प्रश्न दिवसाला 20, लेखी उत्तरांचे अतारांकित 230. तारांकित प्रश्नाची खरी किंमत त्याच्या पोटातून निघणाऱ्या उपप्रश्नात असते. मूळ प्रश्नाचं उत्तर अधिकारी लिहून देतात, मंत्री वाचून दाखवतो. उपप्रश्न मात्र ऐनवेळी येतो. मंत्र्याने खातं वाचलंय की नुसता कागद, हे तिथे उघडं पडतं. म्हणजे उपप्रश्न आणि त्याचं उत्तर दोन्ही आधीच लिहून पाठ करून घेतलं, तर आपण मुलांना नेमकं काय शिकवलं? प्रश्न विचारण्याचा अभिनय!

गंमत बघा. शाळा-कॉलेजांत अशा संसदा भरवाव्यात ही शिफारस 1962 साली झाली ती आपल्या मुंबईतच, चौथ्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेत. पुढे केंद्राच्या संसदीय कार्य मंत्रालयाने दिल्लीच्या शाळांतून युवा संसद योजना सुरू केली. हेतू साफ होता. मुलांना शिस्तीत मतभेद करता यावेत आणि दुसऱ्याचं ऐकून घेता यावं. ट्रॉफी हे निमित्त होतं. आपण निमित्तालाच देव करून बसलो.

काही शिक्षक मित्र म्हणतील, "पत्रकारसाहेब, तुम्हाला बोलायला काय जातंय? पोरं पहिल्यांदा माईकसमोर उभी राहतात, संहिता नसेल तर ततपप होतं. वर आमच्या मागे पन्नास कामं." मान्य. शंभर टक्के मान्य. पहिल्या वर्षी आधाराला कागद असू द्या. पण पोहायला शिकवताना पाठीला बांधलेला डबा कधीतरी सोडावा लागतोच ना? आपण तो स्पर्धेच्या दिवशीही सोडत नाही. उलट ज्याने सोडला त्याचे गुण कापतो.

दुसरे म्हणतील, मुलांना राजकारणात ओढू नका. म्हणून विषय काय निवडतात? जागतिक तापमानवाढ. दहशतवाद. अंतराळ मोहीम. घणसोलीचा कचरा नाही, दिघ्याचं पाणी नाही, नेरूळच्या तलावातले फ्लेमिंगो नाहीत. ज्या विषयावर कोणाला फोन करून माहिती विचारावी लागेल, असा एकही विषय नाही. याला निःपक्षपातीपणा म्हणत नाहीत. ही भीती आहे.

आणि हे सगळं आपल्या शहरात चालतं, हे जास्त बोचतं. आठवतंय ना? नवी मुंबई महापालिकेची मुदत मे 2020 मध्ये संपली आणि प्रशासक आले. आधी कोरोना, मग आरक्षण, मग प्रभागरचना, मग कोर्ट. पुन्हा मतदान झालं ते थेट 15 जानेवारी 2026 ला. कायद्याप्रमाणे महिन्याला किमान एक महासभा व्हायला हवी. इथे साडेपाच वर्षांत नगरसेवकांची एकही नाही. 16 सदस्यांची स्थायी समितीही नाही. अर्थसंकल्प मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. अधिकारी वाईट होते असं मी म्हणत नाही. पण भर सभागृहात उभं राहून त्यांना उपप्रश्न विचारणारं कोणी नव्हतं, एवढंच म्हणतोय.

2020 ला आठवीत असलेली पोरं या निवडणुकीत मतदार झाली. कळत्या वयात त्यांनी स्वतःच्या शहराचं सभागृह चालताना पाहिलेलंच नाही. त्यांना सभागृह माहीत आहे ते टीव्हीवरच्या गोंधळातलं, नाहीतर शाळेतल्या या नाटकातलं. मग उद्या यांच्यातलाच कोणी नगरसेवक झाला आणि विषयपत्रिका न वाचता 'मंजूर, मंजूर' म्हणत बसला, तर दोष कोणाला द्यायचा?

लक्षात घ्या, ज्याच्याकडे बहुमत आहे त्याला नियम लागत नाहीत, त्याच्याकडे डोकी असतात. नियम लागतात एकट्याला. प्रश्न, लक्षवेधी, हरकतीचा मुद्दा, मतविभागणीची मागणी ही सगळी कमी संख्येच्या माणसाच्या हातातली काठी आहे. ती काठी चालवायला शिकवा. लेझीम नको.

नुसती टीका करून थांबत नाही. संघ तयार करणाऱ्यांसाठी आणि आयोजकांसाठी चार गोष्टी:

1. मुलांच्या हातात भाषण देण्याआधी नियम द्या. तारांकित-अतारांकित, लक्षवेधी आणि स्थगन यांतला फरक त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगता आला पाहिजे.

2. मूळ प्रश्न आधी ठरू दे, उपप्रश्न बंद पाकिटात ठेवा. परीक्षकांनी तिथेच उघडावेत. आणि "माहिती घेऊन सभागृहाला कळवतो" या प्रामाणिक उत्तरालाही गुण द्या.

3. एक विषय आपल्या प्रभागातला सक्तीचा करा. मुलांनी वॉर्ड ऑफिसात जाऊन माहिती काढावी. लागली तर माहिती अधिकाराचा अर्ज कसा असतो तेही बघू दे.

4. बाकं बदला. सकाळी मंत्री असलेला दुपारी विरोधक. अध्यक्षालाही न सांगता हरकतीचा मुद्दा येऊ दे, निर्णय त्याने द्यावा.

आणि महापालिकेला एक विनंती. निवडून आलेलं सभागृह आता परत आलंय. बेलापूरच्या मुख्यालयात महासभा असेल तेव्हा एकेका शाळेच्या मुलांना प्रेक्षक गॅलरीत बसवा. पोरं समोर बसलीत म्हटल्यावर काही सन्माननीय सदस्य विषयपत्रिका वाचूनही येतील. झालाच तर फायदाच आहे.

त्या मुलीला त्या दिवशी बक्षीस मिळालं नाही. बाहेर भेटली तेव्हा मी तिला सांगितलं, तुझा प्रश्न बरोबर होता. ती म्हणाली, "सर, पण उत्तर कुठे मिळालं?"

तोच प्रश्न इथे मांडतोय. तुमच्या मुलांच्या शाळेतली टाकी शेवटची कधी साफ झाली? माहीत नसेल तर उद्या जाऊन विचारा. मुलांना सोबत घेऊन जा.